मुलांचं वजन, शहरातलं आणि गावातलं: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आधी काही वर्षं पालघर जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम केलं, आता पुण्यात करते. काट्यापाशी उभ्या असलेल्या आईचा पहिला प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो: "वजन बरोबर आहे ना?" पुढे येणारे प्रश्नही बरेचसे तेच. ते इथे एकत्र लिहिले आहेत.

शहरातल्या मुलांचं वजन गावातल्या मुलांपेक्षा खरंच जास्त असतं का?

सरासरी काढली तर हो. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं आणि उंच्या देशभर मोजल्या गेल्या. वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं गावात ३३.८ टक्के निघाली, शहरात २७.३ टक्के. अतिवजनाची मुलं गावात ३.२ टक्के, शहरात ४.२ टक्के.

पण त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे हाडकुळी मुलं गावात १९.५ टक्के आणि शहरात १८.५ टक्के होती. जेमतेम एका टक्क्याचा फरक. वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं मात्र गावात ३७.३ आणि शहरात ३०.१ टक्के. गावातलं मूल काट्यावर हलकं भरतं ते बऱ्याचदा त्याची उंचीच कमी राहिलेली असते म्हणून. आणि उंची काही एका महिन्याच्या उपासाने खुंटत नाही. तिच्यामागे आईच्या पोटापासूनची दोन-तीन वर्षं असतात.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे? आपलं राज्य तर पुढारलेलं आहे.

पुढारलेलं आहे, म्हणून हे आकडे जास्त बोचतात. २०१५-१६ मध्ये राज्यातली ३६ टक्के मुलं कमी वजनाची होती, २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के. हाडकुळी मुलं दोन्ही वेळी २५.६ टक्के, म्हणजे दर चारांत एक. तेव्हा देशाची सरासरी १९.३ होती. नंदुरबारमध्ये तर निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची होती. आणि याच काळात राज्यातल्या अतिवजनाच्या मुलांचं प्रमाण १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेलं. एक टोक हललं नाही आणि दुसरं दुपटीने वाढलं.

हे बदलताच येत नाही असं नाही. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं आणि त्याने सगळं लक्ष गरोदरपणावर आणि पहिल्या दोन वर्षांवर केंद्रित केलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधल्या खुजेपणाचं, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असण्याचं, प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, २०१२ च्या पाहणीत ते २३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. त्यानंतर तो वेग टिकला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शहरातल्या आणि गावातल्या मुलांसाठी वजनाचे तक्ते वेगळे असतात का?

नाही, आणि नसावेतच. पाच वर्षांपर्यंत आपण जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा तक्ता वापरतो. तो करताना सहा देशांतल्या सहा शहरांतली मुलं मोजली होती: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दिल्लीची होती. आईचं दूध, पुरेसं खाणं, स्वच्छता आणि वेळेवर औषधपाणी मिळालेल्या मुलांची उंची लहानपणी सगळीकडे जवळजवळ सारखीच वाढते, असं त्यातून दिसलं. पाड्यावरच्या बाळासाठी तक्ता थोडा खाली आणावा असं कुणी सुचवलं की मला राग येतो. त्या बाळाची वाढायची ताकद कमी नसते, त्याच्या वाट्याला आलेलं कमी असतं.

मग किती वजन असायला हवं?

सर्वसाधारण अंदाज देते. जन्मतः मुलगा ३.३ किलो, मुलगी ३.२ किलो. एका वर्षाला ९.६ आणि ८.९. दोन वर्षांना १२.२ आणि ११.५. पाच वर्षांना दोघांचंही १८ किलोच्या थोडं वर. हे मधले आकडे आहेत. निम्मी निरोगी मुलं याच्या खालीच असतात, त्यामुळे तुमचं मूल थोडं कमी भरलं तर लगेच घाबरू नका.

खालची मर्यादा वेगळी. एका वर्षाचा मुलगा ७.७ किलोच्या आणि मुलगी ७ किलोच्या खाली असेल, दोन वर्षांचा मुलगा ९.७ च्या आणि मुलगी ९ च्या खाली असेल, तर त्याला कमी वजन म्हणतात आणि मग तपासणी हवीच.

माझ्या जावेचा मुलगा पुण्यात आहे, माझा गावी. दोघं एकाच महिन्यात जन्मलेले, दोन वर्षांच्या आसपासचे. त्याचं १३ किलो, माझ्या मुलाचं साडेअकरा. काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना हे दोन्ही आकडे चालतात. सुट्टीत दोघांना शेजारी उभं करून घरातले सगळे जे बोलतात, त्याने आईचं मन खचतं. मुलाच्या वाढीबद्दल मात्र त्यातून काहीच कळत नाही.

तुमच्या मुलाची स्वतःची रेष पाहा. अंगणवाडीच्या कार्डावर दर महिन्याचा ठिपका असतो, ते ठिपके जोडा. रेष खालच्या पट्ट्यात असली तरी पट्ट्याला समांतर वर चढत असेल तर ठीक चाललंय. वरच्या पट्ट्यातली रेष आडवी झाली असेल, तर ते गुटगुटीत मूल माझ्या दृष्टीने जास्त काळजीचं.

आमच्या घरात सगळे बारीकच. सासूबाई म्हणतात, आमचं रक्तच तसं.

रक्ताचा वाटा असतो, पण आपण समजतो त्याहून बराच कमी. घरातल्या बायका तीन पिढ्या अर्धपोटी राहिल्या असतील, तर प्रत्येक पिढीची आई लहानखुरी राहते आणि तिला लहानखुरं बाळ होतं. वरून ते आनुवंशिक दिसतं.

याचा फार मोलाचा अभ्यास पुण्याजवळच्या गावांमध्ये झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या स्त्रियांची, आणि पुढे त्यांच्या बाळांची नोंद ठेवली. ही बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास होती. इंग्लंडमधली, ज्यांच्याशी तुलना केली ती, साधारण साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचं, असं हे बाळ. पुढे याच बाळाला अचानक भरपूर साखर-तेल मिळालं, तर मधुमेहाचा धोका वाढतो. गावात जन्मलेलं, शहरात वाढलेलं मूल या दृष्टीने नाजूक असतं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती, तर शेतात-घरात खूप कष्ट उपसणाऱ्या आयांची लहान. सासूबाईंना सांगायचंच असेल तर हे सांगा: सुनेच्या ताटात मेथी वाढा आणि शेवटच्या महिन्यांत तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवा.

गावात दूध आहे, भाजी आहे, हवा चांगली. तरी तिथली मुलं कमी वजनाची कशी?

हा प्रश्न मला शहरातले लोक हमखास विचारतात. दूध गावात असतं, पण पहाटे कॅनमध्ये भरून डेअरीवर जातं, कारण घरात रोजचा रोख पैसा तोच आणतो. भाजी बाजाराच्या दिवशी विकली जाते. भातशेतीच्या पाड्यांवर पावसाळा सर्वांत वाईट. गेल्या वर्षीचं धान्य जूनपर्यंत संपतं, लावणीचं काम त्याच वेळी येतं, आई दिवसभर चिखलात आणि बाळ घरी सात वर्षांच्या ताईच्या कडेवर. त्यातच पाणी गढूळ होतं आणि जुलाब सुरू होतात. ज्या मुलाने मे महिन्यापर्यंत वजन धरलेलं असतं, ते ऑगस्टमध्ये काट्यावर खाली उतरलेलं मी किती वेळा पाहिलंय.

खाण्याचं प्रमाण हाही मोठा भाग आहे. सहा महिन्यांनंतर बाळाला भाताची किंवा नाचणीची पेज देतात, ती पातळ. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती? वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाला एक मोठी वाटी. ती पाणीदार पेजेने भरली तर पोट भरतं आणि वजन वाढत नाही. आई म्हणते, "दिलं की खातो, पण लागतच नाही अंगाला." ती खरंच सांगत असते. वाटीत पाणीच जास्त असतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं वेगळं बोलायला हवं. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडणीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पाच-सहा महिने मूल फडाशेजारच्या कोपीत. आई पहाटे चारला तोडीला जाते. गावातल्या अंगणवाडीत नाव आहे, मूल तिथे नाही. कारखान्याच्या भागातल्या अंगणवाडीत मूल आहे, नाव नाही. पालघर-डहाणूकडून वीटभट्टीवर जाणाऱ्यांचंही तेच. अशी मुलं गावच्या आकड्यांत धड दिसत नाहीत आणि शहराच्याही नाहीत.

स्थलांतरात मुलाची नोंद कशी चालू ठेवायची?

निघण्याआधी अंगणवाडी ताईंना कुठे आणि किती महिन्यांसाठी जाताय ते सांगा. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे ताईंच्या मोबाइलवरच्या नोंदणीच्या ॲपमध्ये, नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवता येतं. वाढीचं कार्ड सोबत न्या, मोबाइलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा. तिथे पोचल्यावर जवळची अंगणवाडी शोधून आहार मागा. तो तुमच्या मुलाचा हक्क आहे, त्यासाठी मुकादमाची परवानगी लागत नाही.

शहरातली गरीब मुलंही शहराच्याच आकड्यात मोजतात ना?

हो, आणि म्हणूनच शहराची सरासरी फसवी असते. एकाच वॉर्डात सोसायटीतलं अतिवजनाचं मूल आणि नाल्याकाठच्या वस्तीतलं हाडकुळं मूल यांची बेरीज करून भागिली की चांगलं दिसणारं उत्तर येतं. वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत चूल एक, पाणी ठरावीक वेळेला आणि आई चार घरची कामं करायला बाहेर. दुकान मात्र दारातच. सकाळी बिस्किट चहात बुडवून, दुपारी पाच रुपयांचं तिखट पाकीट. मूल रडत नाही, कारण पोट भरलेलं वाटतं, आणि त्यात ना प्रथिनं असतात ना लोह. हीच पाकिटं आता पाड्यावरच्या टपरीतही लटकतात. दूध पोचलं नाही तिथे ती पोचली.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये या बाबतीत एक सुंदर प्रयोग झाला. २००६ ते २०१२ दरम्यान 'सरस' नावाच्या प्रकल्पात स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला समोशासारखा खाऊ दिला. मुळात फार कृश नसलेल्या आणि गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने तो खाणाऱ्या स्त्रियांची बाळं जास्त वजनाची झाली. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही बरंच घटलं. फार कृश स्त्रियांना मात्र वजनात हा फायदा दिसला नाही, आणि माझ्या मते ते सर्वांत लक्षात ठेवण्यासारखं आहे: मुलींचं खाणं लग्नानंतर सुधारायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

अंगणवाडी ताई म्हणतात कमी वजन, खासगी डॉक्टर म्हणतात ठीक आहे. कुणाचं ऐकू?

दोघांचंही बरोबर असू शकतं. ताईंनी वयाच्या मानाने वजन पाहिलं, डॉक्टरांनी उंचीच्या मानाने. तुमचं मूल उंचीने कमी पण त्या उंचीला साजेसं भरलेलं असेल, तर एकाच दिवशी दोन उत्तरं येतात. अशा मुलाला तूप-साखर कोंबून वजन वाढवायला गेलं तर उंची तेवढीच राहते आणि पोट सुटतं. त्याला अंडी, डाळी, दूध, भाज्या असा आहार हवा, आणि वारंवार आजारी पडत असेल तर त्याचं कारण शोधायला हवं. म्हणून कुठेही गेलात तरी उंची मोजायला सांगा. दोन वर्षांपर्यंत आडवं झोपवून, नंतर उभं करून.

दंडाची पट्टी कशासाठी लावतात?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ही सर्वांत सोपी तपासणी. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ज्याला 'सॅम' म्हणतात. ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम, 'मॅम'. दोन्ही पायांवर सूज असेल आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर वजन कितीही असलं तरी ते तीव्र कुपोषणच. सुजेमुळे मूल भरलेलं दिसतं आणि घरचे निर्धास्त राहतात, म्हणून हे पुन्हा सांगते: पाय दाबून पाहा.

भूक चांगली असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात उपचार होतात. ताप, जुलाब, सुस्ती, सूज किंवा भूक मेलेली असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागतं. तिथे राहायला आयांचा जीव होत नाही, घरी दुसरी मुलं आणि गुरं असतात. मुलांना आजी किंवा आत्या सांभाळेल असं जमवा, पण जा.

आमचा सात वर्षांचा मुलगा गोल आहे. लोक म्हणतात, खात्यापित्या घरचा दिसतो.

पाच वर्षांनंतर बीएमआय पाहतात, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. मोठ्यांसारखा एकच आकडा मुलांना लागू होत नाही, वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर वाचावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते यासाठी आहेत. तक्त्यावरची जी रेष मोठेपणी २३ बीएमआयला पोचते तिच्या वर अतिवजन, जी २७ ला पोचते तिच्या वर स्थूलपणा. पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा ही मर्यादा मुद्दाम कडक ठेवली आहे, कारण वर सांगितलेली आतली चरबी.

२०२२ मध्ये देशात पाच ते एकोणीस वर्षांची सुमारे सव्वा कोटी मुलं स्थूल होती. तुमच्या मुलाला उपाशी ठेवू नका, पोळी-भात तोडू नका. त्याची उंची अजून वाढणार आहे. वजन आहे तिथे काही महिने थांबलं तरी शरीर आपोआप सुधारतं. गोड पेयं आणि पाकिटं घरात आणणं बंद करा, सगळ्यांसाठी बंद करा, त्याच्या एकट्यासाठी नको. रोज तासभर अंगातून घाम निघेल असं खेळू द्या. आणि त्याच्यासमोर त्याच्या पोटाविषयी कुणी बोललं तर तिथेच थांबवा. आत्या असो की शेजारी.

परदेशातही गावातली मुलं बारीक आणि शहरातली जाड असतात का?

अमेरिकेत उलट आहे. तिथे ग्रामीण भागातल्या मुलांमध्ये स्थूलपणा शहरांपेक्षा जास्त. सगळीकडे गाडीने जायचं, ताजी भाजी लांब, तयार खाणं स्वस्त. तिकडे राहणाऱ्या मराठी पालकांनी तिथल्या वर्गातल्या मुलांशी तुलना करून "आपलं मूल बारीकच" असं ठरवू नये.

वजन वाढवण्यासाठी डब्यातली पावडर द्यावी का?

नको. बहुतेक पावडरींत साखर बरीच असते आणि दूध त्याशिवाय घशाखाली उतरेनासं होतं. त्या पैशात महिनाभराची अंडी आणि शेंगदाणे येतात. भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि गूळ, मऊ खिचडीवर चमचाभर तूप किंवा तेल, नाचणीचं घट्ट सत्त्व, मुगाची उसळ, मिळत असेल तर सुकट. एक चमचा तेलात साधारण ४५ कॅलरी असतात. लहान पोटासाठी ती मोठी मदत आहे. नऊ महिन्यांपासून दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एखादा खाऊ. अख्खे शेंगदाणे लहान मुलाला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.

दुधाचंही ऐका. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटर पुरे. शहरात बाटलीने लिटरभर दूध पिणारी, जेवणाला तोंड न लावणारी आणि रक्त कमी असलेली मुलं मी दर आठवड्याला पाहते.

घरी वजन कसं करावं?

काटा सपाट फरशीवर ठेवा. मुलाच्या अंगावर कमीत कमी कपडे. उभं राहत नसेल तर आधी कडेवर घेऊन तुम्ही उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजाबाकी करा. घरगुती काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्यामुळे रोज मोजू नका. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर.

शाळेत जायला लागल्यावर वजन कोण पाहतं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शाळेतल्या पोषण आहारातून पाचवीपर्यंत दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे, पुढे आठवीपर्यंत ७०० आणि २०. विनाअनुदानित खासगी शाळांत हे काहीच नसतं, तिथे पालकांनीच वर्षातून दोनदा उंची-वजन लिहून ठेवावं.

मूल खेळतं, हसतं, पण दोन महिने वजन जागेवरच आहे. अजून थोडं थांबू का?

वर्षाच्या आतलं असेल तर थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. एक ते तीन वर्षांचं असेल तर महिन्याला जेमतेम दोनशे ग्रॅमच वाढ असते, काट्याच्या चुकीत ती लपू शकते. दुसऱ्या काट्यावर पाहा, दंड मोजून घ्या, गेल्या दोन महिन्यांत ताप-जुलाब झाले होते का ते आठवा. तिसऱ्या महिन्यातही ठिपका वर सरकला नाही, तर मूल कितीही खेळत असो, कार्ड घेऊन या.